पिळाचे दोन आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सायझिंग (सुताला खळ देणाऱ्या) युनिटमध्ये कॉलमपासून ३ मीटर बाहेर आलेला आय सेक्शनचा ब्रॅकेट आहे आणि त्याच्या टोकाला चेन पुली. पुलीचा हूक वेबच्या (आयच्या उभ्या पट्टीच्या) खाली नाही, २०० मिमी बाजूला आहे, कारण खालची ट्रॉली तिथेच येऊन थांबते. सुतानं भरलेलं बीम (ताण्याचा रोल) उचलायचं, भार ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं अर्धा टन. सेक्शन प्लेटा जोडून केलेलं: खोली ३००, फ्लँज (वरची आणि खालची आडवी पट्टी) १४० बाय १२, वेब ८ मिमी. प्रश्न विचारणाऱ्या तरुण इंजिनिअर बाईंना फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये (ज्यात प्रत्येक बार एका रेषेनं मांडतात) टोक १०.७ अंश फिरलेलं दिसलं. तोच ब्रॅकेट शेल एलिमेंटनी (पातळ पत्र्यासारख्या लहान तुकड्यांनी) मांडला तर ६.५ अंश. मेश (तुकड्यांची जाळी) चार वेळा बारीक केली, तरी फरक जागच्या जागी. कोणता आकडा खरा मानायचा, आणि टॉर्शनसाठी, म्हणजे पिळासाठी, कोणती न्यूमरिकल पद्धत शिकायची, असं त्या विचारतात.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा फरक मेश कितीही बारीक केली तरी जाणार नाही. तो मेशमधून आलेलाच नाही. दोन्ही प्रोग्रॅमनी आपापलं गणित बरोबर केलं आहे. फक्त दोघांनी दोन वेगळे ब्रॅकेट सोडवले आहेत. एकाच्या कॉलमकडच्या टोकाला फ्लँज पुढेमागे सरकायला मोकळे आहेत, दुसऱ्याच्या टोकाला ते घट्ट धरलेले आहेत. टॉर्शनमध्ये आधी हे ठरवायचं आणि मग पद्धत निवडायची. उलट केलं की दोन दिवस मेशमध्ये जातात आणि हाती काही लागत नाही.

आधी वार्पिंग या शब्दाबद्दल. सोलापुरात 'बीम' आणि 'वार्पिंग' हे शब्द इंजिनिअरिंग कॉलेजात जायच्या आधीच कानावर पडलेले असतात. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रोल आणि वार्पिंग म्हणजे तो ताणा भरण्याचं काम. आपल्या विषयातलं वार्पिंग वेगळं. बार पिळला की त्याचा छेद सपाट राहत नाही, काही भाग पुढे येतो, काही मागे जातो. त्याला आपण वार्पिंग म्हणतो. गोल दांड्यात ते होत नाही. चौरस दांड्यात थोडं होतं. आय, चॅनेल अशा उघड्या, पातळ सेक्शनमध्ये भरपूर होतं.

हे बघायला कुठलंही मशीन लागत नाही. सूत ज्या पुठ्ठ्याच्या सरळ नळीवर गुंडाळून येतं, तशी एक रिकामी नळी घ्या. दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. आता ब्लेडनं तिला लांबीभर एक सरळ चीर द्या आणि पुन्हा पिळा. हातातच लोळागोळा होते. चिरेच्या दोन कडांवर आधी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून ठेवली असेल तर पिळताना ती रेघ तुटलेली दिसते. एक कड पुढे सरकते, दुसरी मागे राहते. ते सरकणं म्हणजे वार्पिंग. नळीची त्रिज्या २५ आणि जाडी २ मिमी धरली तर चीर देण्याआधीचा टॉर्शन कॉन्स्टंट नंतरच्यापेक्षा ४६९ पट असतो. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच. आता चिरलेल्या नळीचं एक टोक टेबलाच्या कडेला असं दाबून धरा की दोन्ही कडांना पुढेमागे व्हायला जागाच उरणार नाही, आणि दुसरं टोक पिळा. नळी पुन्हा बरीच ताठ झालेली जाणवेल. तुमच्या शेल मॉडेलनं हेच केलं आहे.

आता आकडे. तुमच्या सेक्शनचा टॉर्शन कॉन्स्टंट 'जे' (J, पिळाला विरोध करण्याचं छेदाचं माप) हातानं निघतो: प्रत्येक पट्टीची रुंदी गुणिले जाडीचा घन, त्यांची बेरीज, भागिले ३. दोन फ्लँज आणि २७६ मिमी वेब धरून सुमारे २.०८ लाख मिमी४. वार्पिंग कॉन्स्टंट म्हणजे फ्लँजची जाडी गुणिले रुंदीचा घन, गुणिले दोन फ्लँजच्या मध्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले २४. १.१४ गुणिले १० चा अकरावा घात, मिमी६. स्टीलचा ई (ताणातल्या ताठपणाचा गुणांक) २ लाख न्यूटन प्रति चौ. मिमी आणि ई भागिले जी (शिअरमधला तसाच गुणांक) २.६ धरा.

या दोन कॉन्स्टंटमधून एक लांबी निघते, आणि माझ्या मते टॉर्शनमधला तोच सगळ्यात कामाचा आकडा आहे. वार्पिंग स्टिफनेस (ई गुणिले वार्पिंग कॉन्स्टंट) भागिले टॉर्शन स्टिफनेस (जी गुणिले जे), त्याचं वर्गमूळ. तुमच्या सेक्शनला ते १.१९ मीटर येतं. टोक घट्ट धरलं तर त्याचा परिणाम बारमध्ये साधारण किती आतपर्यंत पोचतो, ते ही लांबी सांगते. बार हिच्या दहापट लांब असेल तर टोकाचं फारसं मनावर घेऊ नका. तुमचा ब्रॅकेट अडीचपट आहे. म्हणजे टोकाचा परिणाम जवळजवळ सगळ्या ब्रॅकेटभर आहे. ब्रॅकेट दीड मीटरचाच असता तर टोक धरल्यानं पीळ साध्या सूत्राच्या ३२ टक्क्यांवर आला असता. तीन मीटरला तो ६१ टक्के होतो. १०.७ चे ६१ टक्के करून बघा. साडेसहा.

रोजच्या फ्रेम विश्लेषणात एका नोडला सहा हालचाली असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. वार्पिंगला जागाच नाही. त्यामुळे बारच्या अक्षाभोवतीचा पीळ फक्त जी गुणिले जे यावर चालतो. हा सेंट व्हेनांट यांचा १८५५ सालचा सिद्धांत, आणि त्यात टोकं मोकळी असतात. व्लासोव यांनी १९४० च्या ग्रंथात पातळ भिंतींच्या सेक्शनसाठी वार्पिंगचं पद त्यात जोडलं. टॉर्क म्हणजे जीजे गुणिले पिळाचा दर, वजा वार्पिंग स्टिफनेस गुणिले पिळाचा तिसरा डेरिव्हेटिव्ह. हे समीकरण पचवायचं असेल तर सातवी हालचाल लागते, ती म्हणजे पिळाचा दर.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची आहे ती. १०.७ हा ६.५ पेक्षा मोठा आहे म्हणून 'चला, सुरक्षित बाजूला आहोत' असं वाटतं. ते खरं नाही. फ्रेम मॉडेलनं पीळ जास्त दाखवला, पण स्ट्रेस लपवला. टोक धरलेलं असेल तर वार्पिंग अडतं आणि फ्लँजच्या कडांवर लांबीच्या दिशेनं ताण-दाब येतात: एका फ्लँजची डावी कड ताणात, उजवी दाबात, दुसऱ्या फ्लँजला उलट. तुमच्या ब्रॅकेटमध्ये तो आकडा कॉलमजवळ १०४ न्यूटन प्रति चौ. मिमी आहे. त्याच ठिकाणी त्याच ५ किलोन्यूटनमुळे साध्या बेंडिंगचा स्ट्रेस किती? २७. पिळामुळे बेंडिंगच्या जवळजवळ चौपट स्ट्रेस येतो, आणि फ्रेमच्या आउटपुटमध्ये त्यासाठी रकानाच नाही. एका कडेवर दोन्ही एकाच दिशेला मिळतात आणि १३१ होतात. अर्धा टन उचलताना चेन पुलीला बसणारे झटके वेगळे धरायचे, ते राहिलेच.

आता पद्धतींकडे येतो.

तुमच्यासारख्या कामाला सात हालचालींचं बीम एलिमेंट पुरतं, आणि ते लिहायला अवघड नाही. पिळासाठी तीच क्यूबिक फंक्शन घ्यायची जी आपण बेंडिंगच्या बीम एलिमेंटमध्ये घेतो. दोन नोड, प्रत्येकाला पीळ आणि पिळाचा दर, म्हणजे चार बाय चारची मॅट्रिक्स. वार्पिंगचा भाग अगदी बेंडिंगच्या मॅट्रिक्ससारखा: १२, ६एल, ४एल वर्ग, २एल वर्ग (एल म्हणजे एलिमेंटची लांबी). त्यात सेंट व्हेनांटचा भाग मिळवायचा: ३६, ३एल, ४एल वर्ग, वजा एल वर्ग, सगळं भागिले ३०एल. ही दुसरी मॅट्रिक्स बकलिंगमधल्या जिऑमेट्रिक स्टिफनेससारखी दिसते. तुम्ही ती कॉलेजमध्ये पाहिलेली असणार.

तुमचा ब्रॅकेट मी अशा एकाच एलिमेंटनं सोडवून पाहिला. टोकाचा पीळ ६.४६ अंश. अचूक सूत्राचं उत्तर ६.५२. एका एलिमेंटमध्ये एक टक्का चूक, याहून जास्त काय हवं. पण तिथेच थांबून स्ट्रेस काढायला गेलात तर घात होईल. पिळाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह घेऊन कॉलमजवळचा बायमोमेंट (वार्पिंग अडल्यामुळे दोन फ्लँजमध्ये येणाऱ्या उलटसुलट बेंडिंगचं माप) काढला की तो २१ टक्के कमी येतो, म्हणजे १०४ च्या जागी ८२. तोच बायमोमेंट एलिमेंटच्या मॅट्रिक्सला हालचालींनी गुणून, नोडची रिअ‍ॅक्शन म्हणून काढला तर चूक फक्त दीड टक्का, आणि तीही जास्तीच्या बाजूला. मॉडेल तेच आणि उत्तरंही तीच, फरक फक्त स्ट्रेस कुठून उचलला याचा. मी बघितलेल्या घरगुती स्प्रेडशीटपैकी निम्म्याहून जास्त जणांनी डेरिव्हेटिव्हचा रस्ता धरलेला असतो. डेरिव्हेटिव्हच वापरायचा असेल तर एलिमेंट वाढवा, आणि कॉलमकडच्या पहिल्या मीटरभरात जास्त घाला. तिथेच सगळं घडतं.

पण या एलिमेंटला जे आणि वार्पिंग कॉन्स्टंट बाहेरून द्यावे लागतात. आय सेक्शनला सूत्र आहे. रूळ, चाव्यांची खाच असलेला शाफ्ट, दोन-तीन प्लेटा आणि अँगल जोडून केलेलं काहीतरी, त्याला सूत्र कुठून आणणार? इथे छेदावर, म्हणजे दोन मितींत, गणित सोडवावं लागतं. ते एकदा तरी कागदावर हातानं करा. सॉफ्टवेअर काय करतं हे त्याशिवाय अंगात मुरत नाही.

चौरस दांडा घेऊ. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही, आणि जुन्या पद्धतीच्या मिल ड्राइव्हमध्ये गिअर आणि वरच्या रोलरच्या मधे जो टेल बार असतो तो चौरस छेदाचा असतो. नुसता पीळ पोचवणं हेच त्याचं काम. प्रांटल यांनी १९०३ मध्ये सुचवलेली कल्पना अशी: छेदाच्या आकाराच्या चौकटीवर पातळ पडदा ताणून लावा आणि खालून हवेचा थोडा दाब द्या. पडद्याची उंची म्हणजे स्ट्रेस फंक्शन. कुठल्याही ठिकाणी पडद्याचा चढ म्हणजे तिथला शिअर (कातर) स्ट्रेस. पडद्याखालच्या घनफळाची दुप्पट म्हणजे जे. ग्रिफिथ आणि टेलर यांनी १९१७ मध्ये खरोखर साबणाच्या पडद्यावर अशी मोजणी केली होती.

आता बाजू १ धरा आणि तिचे चार भाग करा. आत नऊ बिंदू येतात, पण सिमेट्रीमुळे वेगळे तीनच: मधला, बाजूच्या मध्यासमोरचा आणि कोपऱ्याजवळचा. कडेवर उंची शून्य. प्रत्येक बिंदूला नियम एकच: चार शेजाऱ्यांची बेरीज, वजा स्वतःची चौपट, बरोबर वजा २ गुणिले अंतराचा वर्ग. तीन समीकरणं, तीन अज्ञात. अंतराच्या वर्गाच्या पटीत उत्तरं येतात: मधला २.२५, बाजूसमोरचा १.७५, कोपऱ्याजवळचा १.३७५. नऊही बिंदूंची बेरीज १४.७५. त्याची दुप्पट भागिले २५६, जे आला ०.११५२. खरं उत्तर ०.१४०६. अठरा टक्के कमी.

बाजूचे आठ भाग केले, हे स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, तर ०.१३३७. पाच टक्के कमी. अंतर निम्मं केलं की चूक साधारण चौथाई होते. ही चाल ओळखली की पुढचा रस्ता सोपा: नव्या उत्तराची चौपट, वजा जुनं, भागिले ३. ०.१४० च्या जवळ येतं, चूक अर्ध्या टक्क्यावर. चाळीस भाग करण्याची गरजच नाही. रुंगे यांनी १९०८ मध्ये याच प्रकारचं समीकरण अशाच जाळीवर सोडवलं होतं, कॅल्क्युलेटर नसताना.

मात्र स्ट्रेस काढताना सावध राहा. सर्वात मोठा शिअर बाजूच्या मध्यावर असतो आणि त्याचं अचूक मूल्य ०.६७५ आहे, जी गुणिले दर मीटर पीळ गुणिले बाजू या पटीत. चार भागांच्या जाळीत कडेजवळचा चढ सरळ भागाकारानं काढला तर ०.४३७५ येतो. दोन बिंदू आत जाऊन काढला तर ०.५९४. जे लवकर सुधारतो, स्ट्रेस मागे रेंगाळतो. वर एकाच एलिमेंटमध्ये जे दिसलं तेच इथेही दिसतं.

टेल बारवरून एक आठवण. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बंद हंगामात एका कारखान्यात टेल बारची तपासणी होती. मी पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया धरून हिशेब केला होता आणि त्यात केंद्रापासून सगळ्यात दूर कोपरा, म्हणून डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंग) लावायला चारही कोपऱ्यांवर खडूनं खुणा करून ठेवल्या. तिथले जुने फिटर मामा आले, त्यांनी खुणांकडे पाहिलं आणि बाजूच्या मधोमध अंगठा फिरवत म्हणाले, "साहेब, कोपऱ्यात काय बघता? सपाटीवर बघा." त्यांना प्रांटल माहीत नव्हते. त्यांना दोन तडे माहीत होते, आधीच्या वर्षांतले. चौरस दांड्याच्या कोपऱ्यात पिळाचा स्ट्रेस शून्य असतो. बाहेरच्या दोन्ही मोकळ्या पृष्ठभागांवर काही दाब नाही, म्हणून कोपऱ्यात शिअरला कुठल्याच दिशेला जागा उरत नाही. पडदाही कोपऱ्यात आडवाच असतो. पोलर मोमेंटचा हिशेब ताठपणा १८ टक्क्यांहून जास्त दाखवतो, कमाल स्ट्रेस बारा टक्के कमी दाखवतो आणि जागाही चुकीची सांगतो. तो फक्त गोल दांड्याला आणि गोल नळीला लागू आहे. तरुण मुलांच्या हिशेबात हा मोमेंट मला आजही दिसतो, म्हणून एवढं लांबण लावलं.

आडव्यातिडव्या छेदांना चौकोनी जाळी बसत नाही, तिथे त्रिकोणी फायनाइट एलिमेंट घ्या. कूरांट यांनी १९४३ च्या शोधनिबंधात त्रिकोणांची पद्धत ज्या उदाहरणावर दाखवली, तो पोकळ चौरस छेदाच्या टॉर्शनचाच प्रश्न होता. म्हणजे या विषयाचा आणि फायनाइट एलिमेंटचा ऋणानुबंध जुना आहे. एकच छेद दोन रीतींनी सोडवता येतो: स्ट्रेस फंक्शन धरून किंवा वार्पिंग फंक्शन धरून. पहिल्या रीतीत जे खऱ्यापेक्षा कमी येतो, दुसऱ्यात जास्त. मला ही जोडी फार आवडते. दोन्ही सोडवा, खरं उत्तर दोघांच्या मधे अडकतं. मेश पुरेशी आहे का, हे तिसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

पोकळ छेदाला स्ट्रेस फंक्शन वापरताना एक खड्डा आहे. बाहेरच्या कडेवर शून्य दिलं की हात सवयीनं आतल्या भोकाच्या कडेवरही शून्य देतो. तसं केलं की प्रोग्रॅमच्या लेखी तुमची नळी चिरलेली होते. भोकाच्या कडेवर फंक्शन स्थिर असतं, पण ती स्थिर किंमत अज्ञात असते आणि वेगळ्या अटीतून काढावी लागते. वार्पिंग फंक्शनमध्ये ही कटकट नाही, म्हणून पोकळ आणि अनेक कप्प्यांच्या सेक्शनला मी तेच घेतो.

शेल मॉडेलबद्दल. ते वाईट नाही, पण त्यावर भरवसा ठेवण्याआधी एक चाचणी घ्या. कॉलमकडच्या टोकाला छेदाच्या प्रतलातल्या हालचाली धरा, लांबीच्या दिशेनं मात्र सगळे नोड मोकळे सोडा, फक्त मॉडेल वाहून किंवा फिरून जाऊ नये म्हणून वेबचे नोड तेवढे लांबीच्या दिशेनं धरा आणि वेबच्या मध्यावरच्या नोडचं उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं अडवा. चाचणीपुरता भार नुसता टॉर्क द्या, वरच्या आणि खालच्या फ्लँजवर आडव्या, विरुद्ध दिशेच्या दोन बलांची जोडी. पीळ १०.७ च्या आसपास आला पाहिजे. आला तर तुमची मेश, जाडी, युनिट सगळं ठीक. मग टोक पूर्ण धरा आणि ६.५ बघा. पहिलीच पायरी जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. फ्लँजच्या रुंदीत किमान चार एलिमेंट असू द्या, कारण वार्पिंगचा स्ट्रेस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उलटा होतो. प्रत्यक्ष भार एका नोडवर टोचू नका, हूकची प्लेट मांडा. नाहीतर वेब तिथे वाकेल आणि ते वाकणं तुम्ही पीळ म्हणून मोजाल.

मग खरा आकडा कोणता? जॉइंट ठरवेल. दोन्ही फ्लँज पूर्ण वेल्डनं जाड एंड प्लेटला, ती प्लेट कॉलमला, आणि कॉलमच्या आत समोरासमोर स्टिफनर (ताठपणासाठी जोडलेल्या प्लेटा) असतील तर ६.५ च्या जवळ, आणि १०४ चा स्ट्रेस खराच आहे असं धरा. कॉलमचा फ्लँज पातळ, आत स्टिफनर नाही, तर तो फ्लँज थोडा वाकून वार्पिंगला वाट देईल आणि उत्तर मधे कुठेतरी पडेल. अशा वेळी कॉलमचा अर्धा-पाऊण मीटर तुकडा शेलमध्येच मांडा, म्हणजे वाद मिटतो. प्रत्यक्षात मोजायचंही सोपं आहे. भार लावण्याआधी आणि नंतर फ्लँजच्या दोन्ही कडांना ओळंबा सोडा आणि कडांच्या उंचीतला फरक टेपनं घ्या. ६.५ अंशाला १४० मिमी रुंदीवर जवळपास १६ मिमी फरक पडतो, १०.७ ला २६. हे डोळ्यांनाही दिसतं. पूर्ण भारानं एकदम करू नका, चौथाई भारानं मोजा, तिथपर्यंत सगळं प्रमाणात चालतं.

चॅनेलबद्दल एक वाक्य, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. चॅनेलचं शिअर सेंटर (ज्या बिंदूतून भार गेला तर पीळ येत नाही तो) वेबच्याही बाहेर, फ्लँजच्या उलट बाजूला असतं. त्यामुळे भार वेबवर बरोबर ठेवला तरी पीळ येतोच. शेडच्या पर्लिन (छताच्या पत्र्याखालचे आडवे बार) वाकड्या होतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आरसीसीचं वेगळं आहे, आणि तिथे बारीक न्यूमरिकल पद्धतीचा सोस करू नका. काँक्रीटला तडे गेले की टॉर्शनचा ताठपणा मूळच्या थोड्याशा हिश्श्यावर येतो. न तडकलेल्या सेक्शनवर कितीही अचूक जे काढला तरी तो उपयोगाचा नाही. आधी विचारा: हा पीळ समतोलासाठी अटळ आहे की नुसता जोडणीमुळे आलेला? पोर्चची कॅनोपी एकाच बीममधून बाहेर आली असेल तर पीळ अटळ. आयएस ४५६ : २००० च्या ४१ व्या कलमाप्रमाणे समतुल्य शिअर आणि समतुल्य मोमेंट धरून पूर्ण डिझाइन करा. शिअरमध्ये १.६ गुणिले टॉर्क भागिले रुंदी मिळवायचे, मोमेंटमध्ये टॉर्क गुणिले १ अधिक खोली-रुंदी गुणोत्तर, भागिले १.७. पण आतला दुय्यम बीम कडेच्या बीमला पिळत असेल आणि तो पीळ सोडून दिला तरी समतोल बिघडत नसेल, तर तेच कलम तुम्हाला टॉर्शन स्टिफनेस शून्य धरायची मुभा देतं. विश्लेषणात तसं धरा आणि मिनिमम स्टिरप (बीममधल्या सळईच्या रिंगा) नीट द्या.

परत तुमच्या ब्रॅकेटवर. पीळ ६.५ असो की १०.७, दोन्ही मला मान्य नाहीत. एवढं फिरलं की हूक सरकतो आणि भार झोके घेतो. पद्धतीवर आणखी आठवडा घालवण्यापेक्षा सेक्शन बदला. जवळजवळ तेवढंच स्टील घेऊन ३०० बाय १४० ची, साडेसहा मिमी भिंतीची बंद पेटी केली तर जे सुमारे ४.६७ कोटी मिमी४ होतो, आत्ताच्या सव्वादोनशे पट. पीळ ०.०५ अंशावर येतो आणि पिळाचा शिअर स्ट्रेस २ न्यूटन प्रति चौ. मिमी. फॅब्रिकेटरला वेगळं काही शिकवावं लागणार नाही, दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड करायचे हे त्याच्या हातातलं काम आहे. फक्त वेल्ड सलग असू द्या. तुकड्या-तुकड्यांच्या वेल्डनं पेटी पुरती बंद होत नाही, शिअरला सलग वाट मिळत नाही. हूकच्या जागी आतून आडवी प्लेट घाला, म्हणजे पेटीचा छेद तिरका होणार नाही. ही प्लेट दुसरा चॅनेल बसवण्याआधीच वेल्ड करावी लागते, नंतर हात आत जात नाही.

आणि सायझिंग खात्यात वाफ असते हे विसरू नका. दोन्ही टोकांना कॅप प्लेट सगळ्या बाजूंनी वेल्ड करून पेटी हवाबंद करा, कॅपच्या वेल्डला रंगाआधी एकदा साबणाचं पाणी लावून गळती बघा. आतला गंज बाहेरून दिसत नाही. जॉइंटचं ड्रॉइंग हाताशी आलं की कॉलमच्या फ्लँजची जाडी आणि स्टिफनर कळवा. जुना ब्रॅकेट उतरवेपर्यंत त्यावर किती भार चालेल, ते त्यावरून सांगतो.